रोजच्या जगण्यातली साक्ष
लेखांक ५ : डब्यातला सहप्रवासी

मागच्या लेखात आपण अंत्युखियाची मंडळी पाहिली. स्तेफनाच्या वधानंतर छळ सुरू झाला, विश्वासणारे पांगले आणि त्यांच्यापैकी कुप्र व कुरेने इथल्या काही जणांनी अंत्युखियात ग्रीक लोकांनाही प्रभू येशूची सुवार्ता सांगितली. त्यांची नावे पवित्र शास्त्रात नोंदलेली नाहीत. पण शिष्यांना ‘ख्रिस्ती’ हे नाव पहिल्यांदा मिळाले ते त्याच शहरात. मराठी मंडळीवरही अशाच एका अनोळखी माणसाचे मोठे ऋण आहे.

१८९३ साली कवी नारायण वामन टिळक नोकरीसाठी आगगाडीने राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक गोरे गृहस्थ होते. गोरा माणूस आणि हिंदी माणूस यांच्यात तेव्हा केवढे अंतर असे, हे सांगायला नको. हे गृहस्थ मात्र अदबीने वागले. आपणहून बोलू लागले, आणि विषय निघाला तो संस्कृत काव्याचा, म्हणजे टिळकांच्या अगदी जिव्हाळ्याचा. त्यांनी टिळकांचे म्हणणे मनापासून ऐकले. मग बोलणे धर्माकडे वळले. निरोप घेताना त्यांनी नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हाती ठेवली आणि ती वाचण्याची विनंती केली. प्रामाणिकपणे अभ्यास केलात तर दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, हा आपला भरवसाही त्यांनी उघड बोलून दाखवला.

टिळकांना त्या क्षणी ते पटले नाही. पण वाचण्याचा शब्द दिला होता, म्हणून त्यांनी वाचायला घेतले. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात डोंगरावरील प्रवचन लागले आणि पुस्तक खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या प्रसंगातला क्रम नीट पाहा. आधी आदर, मग समोरच्याच्या आवडीत खराखुरा रस, मग स्वतःच्या विश्वासाविषयी स्पष्ट बोलणे आणि शेवटी बाजूला होणे. आपण बहुतेक वेळा तिसऱ्या पायरीपासून सुरुवात करतो आणि चौथी विसरतो. ओळख धड झालेली नसताना पत्रिका पुढे करतो, किंवा एकदा सांगून झाले की होकारासाठी पिच्छा पुरवतो. याकोबाच्या विहिरीवर शोमरोनी स्त्री भेटली तेव्हा प्रभूने पहिल्यांदा काय केले? तिच्याकडे प्यायला पाणी मागितले. जिवंत पाण्याची गोष्ट त्यानंतर आली. ज्याच्याकडून आपण काही घेऊ शकत नाही, त्याला काही द्यायचा अधिकारही आपल्याला लवकर मिळत नाही.

साक्षीची खरी कसोटी मात्र घरातच लागते. टिळकांच्या बाप्तिस्म्याने त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या आयुष्याची उलथापालथ झाली. नवरा-बायकोची ताटातूट झाली. पुढे त्या टिळकांकडे आल्या, तरी आपल्या मनाने हिंदूच होत्या. सोवळेओवळे पाळत होत्या. जातिभेद माणसाने निर्माण केला, देवाने नव्हे, हे त्यांना पटले ते स्वतःच्या विचाराने. त्यांचा बाप्तिस्मा झाला १९०० साली, टिळकांनंतर तब्बल पाच वर्षांनी. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचे आत्मचरित्र वाचताना जाणवते की ही वाट लक्ष्मीबाई स्वतःच्या पायांनी चालल्या. एवढे थांबायला प्रेम लागते, आणि देवावर भिस्तही लागते.

टिळकांच्या अहमदनगरच्या घरात पुढे कवी बालकवी ठोंबरे राहिले. टिळक पतिपत्नींनी त्यांना पोटच्या मुलासारखे वागवले. त्यांच्यासमोर घरात प्रार्थना होत असणार, भजने होत असणार. बालकवी अखेरपर्यंत ख्रिस्ती झाले नाहीत. पण म्हणून त्या घराच्या प्रेमाला ओहोटी लागली नाही. बालकवींच्या आठवणी लक्ष्मीबाईंनी किती मायेने लिहिल्या आहेत! माझ्या मते टिळकांच्या घराची ही साक्ष त्यांच्या कीर्तनांइतकीच मोलाची आहे. समोरचा ‘आपल्यात’ येईल या आशेवर बेतलेले प्रेम लोकांना चटकन ओळखू येते, आणि त्याने सुवार्तेचीच बदनामी होते.

आज आपल्या भोवती धर्मांतराविषयी संशय आहे. त्याला घाबरून गप्प बसणे हा उपाय नव्हे. श्रद्धा मानण्याचा, आचरण्याचा आणि तिचा प्रसार करण्याचा अधिकार संविधानाच्या २५व्या कलमाने प्रत्येकाला दिला आहे. प्रसाराच्या अधिकारात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा अधिकार येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली सांगितले. आपल्याला यात अडचण वाटण्याचे कारण नाही. मन पालटवणे हे पवित्र आत्म्याचे काम आहे, असे आपण स्वतःच मानतो ना?

तेव्हा काही पथ्ये पाळू या. इस्पितळात कोणाला भेटायला गेलात तर विचारल्याशिवाय प्रार्थना सुरू करू नका. “तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का?” एवढे विचारा, आणि नको म्हटले तर तितक्याच आपुलकीने फळे कापून द्या. हाताखालच्या माणसाशी, कर्जात किंवा अडचणीत असलेल्याशी बोलताना दुप्पट जपा. त्याला आपल्याला नाही म्हणणे जड जाते. मदतीला कधीही अट जोडू नका. दुसऱ्याच्या देवाला, सणाला, घरच्या रीतीला नावे ठेवू नका. मात्र कोणी विचारले की, इतक्या संकटात तुम्ही उभे कसे राहिलात, तर पुटपुटू नका. प्रभूचे नाव घेऊन, चार साध्या वाक्यांत, आपल्या बाबतीत घडले तेच सांगा. पेत्राने पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात हेच सांगितले आहे: आशेचे कारण विचारणाऱ्याला उत्तर देण्याची तयारी असावी, आणि ते उत्तर सौम्यतेने व आदराने द्यावे.

या आठवड्यात एवढेच करा. कचेरीतला, शेजारचा किंवा नात्यातला एक माणूस निवडा. रोज त्याच्यासाठी प्रार्थना करा आणि एकदा तरी त्याचे बोलणे मध्ये न तोडता पूर्ण ऐका. सांगण्याची वेळ आली की जरूर सांगा. पुढचे प्रभूवर सोडा.