आधी फुटेज, मग प्रोसेसर

सकाळी ८. गिरगावातल्या वर्कशॉपचं शटर वर केलं की पहिली नजर जाते ती रात्रभर चालू ठेवलेल्या मशीनकडे. माहितीपटांचं संकलन करणाऱ्या एका बाईंसाठी हे मशीन बांधलंय. रायझन ९ ९९५०एक्स, सोळा कोअर. आधी रॅमची टेस्ट लावली होती, मग प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्हींवर एकदम लोड. रॅममध्ये एकही एरर नाही. या प्रोसेसरची मर्यादा ९५ अंशांची आहे आणि रात्रभरात तो तिथपर्यंत गेलेला नाही. दहा मिनिटांच्या टेस्टवर मी एडिटिंगचं मशीन कधीच देत नाही. गेममध्ये लोड वर-खाली होत राहतो, पण मोठ्या एक्स्पोर्टला बसलेलं मशीन तासन् तास पूर्ण ताकदीने पळतं. हवा नीट खेळत नसेल तर प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो आणि मालकाला वाटतं सॉफ्टवेअर खराब आहे.

बाईंचं बहुतेक फुटेज प्रोरेसमधलं. त्यात प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते आणि ते काम कोअरमध्ये छान वाटलं जातं. त्यांना सोळा कोअर दिले ते म्हणूनच. पुढच्या गिऱ्हाइकाला मात्र हेच मशीन दिलं असतं तर पैसे चुकीच्या जागी गेले असते.

९.३०. तो चिपळूणचा. लग्नाचं शूटिंग करतो, रात्रीच्या तुतारी एक्सप्रेसने दादरला उतरून थेट आलाय. हातात कोटेशनचा कागद. "काका, आय-९ घेतोय. चोवीस कोअर आहेत. एवढं बास ना?"

कागदावर लिहिलेलं असं: कोअर आय-९ १४९००केएफ, आरटीएक्स ४०६० कार्ड, सोळा जीबीची एकच रॅमपट्टी, एक टीबी एसएसडी. मी कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, "कॅमेरा कुठला? कार्ड आणलंयस का?"

आणलं होतं. सोनीचा ए७ फोर. मीडियाइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडली: फोर-के, सेकंदाला ५० फ्रेम, एचईव्हीसी म्हणजे एच.२६५, १०-बिट, ४:२:२, सेकंदाला २०० मेगाबिट. मशीन कसं हवं ते याच ओळींत लिहिलेलं असतं.

मग त्याला समोर बसवून सांगितलं. एच.२६५ मध्ये प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. अधूनमधून एक पूर्ण फ्रेम आणि मधल्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं याचा हिशोब. म्हणून फाइल लहान होते. पण टाइमलाइनवर तू मध्येच कुठेतरी क्लिक केलंस की मशीनला मागची पूर्ण फ्रेम शोधून तिथून सगळा हिशोब परत मांडावा लागतो. ४:२:२ मध्ये रंगाची माहिती नेहमीच्या ४:२:० पेक्षा दुप्पट असते, आणि १०-बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ ऐवजी १०२४ पायऱ्या. हळदीचा पिवळा आणि शालूची जर ग्रेडिंगमध्ये फाटत नाही ती यामुळेच. कॅमेरा चांगला घेतलायस, सेटिंगही बरोबर आहे.

हा हिशोब उलगडायला चिपमध्ये वेगळा भाग असतो. इंटेलच्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सबरोबर येणाऱ्या या भागाचं नाव क्विक सिंक. २०११ पासून तो आहे, आणि ४:२:२ चं एचईव्हीसी डेस्कटॉपवर अकराव्या पिढीपासून उलगडतो. पण नावाच्या शेवटी 'एफ' असलेल्या प्रोसेसरमध्ये ते ग्राफिक्सच बंद केलेलं असतं, म्हणजे क्विक सिंकही गेलं. एनव्हिडियाच्या कार्डांना ४:२:२ उलगडता येऊ लागलं ते २०२५ च्या आरटीएक्स ५० मालिकेपासून. ४०६० ला ते जमत नाही. म्हणजे या कोटेशनमध्ये प्रोसेसरही ते काम हार्डवेअरमध्ये करणार नाही आणि कार्डही नाही. चोवीस कोअर घेऊनही तीन कॅमेऱ्यांचा मल्टिकॅम लावलास की सप्तपदी अडखळत चालणार. ज्याने हा कागद लिहिला त्याने गेमिंगचं मशीन लिहिलंय. गेमिंगसाठी ते वाईट नाही, पण तुझं काम वेगळं आहे.

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे केएफ नको, के घेऊ?"

तोही नको म्हटलं. इंटेलच्या याच तेराव्या-चौदाव्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरमध्ये जास्त व्होल्टेजमुळे अस्थिरतेचा प्रश्न निघाला होता. इंटेलने २०२४ मध्ये तो मान्य केला, बायोसमधून सुधारणा दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ज्यांच्याकडे ते आहेत त्यांनी बायोस नक्की अपडेट करून घ्यावं. पण आज नवीन घेताना मी त्या वाटेला जात नाही.

११. यादी ठरली. कोअर अल्ट्रा ७ २६५के. वीस कोअर, क्विक सिंक आहे, आणि हा मुलगा काम करतो प्रीमियर प्रोवर, जिथे क्विक सिंकचा खरा उपयोग होतो. एएमडी का नाही, हे त्याने विचारलं ते बरं केलं. एएमडीचा एएम५ सॉकेट २०२७ आणि पुढेही चालवण्याचं कंपनीने सांगितलंय, त्यामुळे उद्या फक्त प्रोसेसर बदलायचा तर तो रस्ता मोकळा आहे. इंटेलच्या या सॉकेटबद्दल मी तसं म्हणणार नाही. तरीही रायझनच्या आतलं ग्राफिक्स ४:२:२ उलगडत नाही, सगळा भार कार्डावर येतो. ऐन मोसमात कार्ड बिघडलं तर? इंटेलवर कार्ड काढूनही तो कटिंग करत राहील. गावात एकट्याने धंदा करणाऱ्याला मी हेच देईन.

कार्ड: आरटीएक्स ५०६० टीआय, १६ जीबीचं. याच नावाने आठ जीबीचंही येतं, म्हणून आकडा त्याला यादीत मोठ्या अक्षरात लिहायला लावला.

१२.३०. चालत लॅमिंग्टन रोड. पाट्यांवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ग्रँट रोड स्टेशनपासून कुणालाही विचारा, लॅमिंग्टनच म्हणतील. फुटपाथवर मॉनिटरची खोकी, हातगाड्या, गल्लीच्या आत वरच्या मजल्यांवर होलसेलवाले. चिपळूणच्या मुलाला मुद्दाम बरोबर नेलं. बॉक्सवरचा सिरियल नंबर बिलावर आलाच पाहिजे, वॉरंटीच्या वेळी तोच कामाला येतो. त्याच्याकडे जीएसटी नंबर आहे, म्हणून बिल त्याच्या फर्मच्या नावाने. पार्ट्सवरच्या १८ टक्क्यांचं क्रेडिट त्याला मिळतं.

रॅमपाशी आम्ही बराच वेळ अडलो. २०२५ च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरनी मेमरी उचलायला सुरुवात केल्यापासून भाव भडकलेत. मायक्रॉनसारख्या कंपनीने तर त्या डिसेंबरात ग्राहकांसाठीचा क्रुशियलचा धंदाच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. त्याला ६४ जीबी द्यायची माझी इच्छा होती, खिसा ३२ म्हणत होता. शेवटी २४-२४ च्या दोन पट्ट्या घेतल्या, ४८ जीबी. "आत्ता दोन घेतो, पुढे अजून दोन लावतो" हा विचार डीडीआर५ मध्ये महागात पडतो: चार पट्ट्या लावल्या की बहुतेक बोर्डांवर वेग बराच खाली आणावा लागतो. लागेल तेवढी एकदाच, दोनच पट्ट्यांत.

एसएसडी दोन: एक टीबी विंडोज आणि सॉफ्टवेअरला, दोन टीबी चालू कामाला. २०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला २५ मेगाबाइट, तासाला ९० जीबी. सगळे कॅमेरे मिळून एका लग्नाचं सहा तासांचं फुटेज धरलं तरी ५४० जीबी. तीन कॅमेरे एकत्र चालवले तर सेकंदाला ७५ मेगाबाइट होतात, साधी हार्ड डिस्कही तेवढं देते. पण तिचं हेड तीन फाइलींमध्ये इकडून तिकडे पळत राहतं, तिथे ती मरते. हार्ड डिस्क फक्त जुनं काम ठेवायला. त्या दोन घ्यायला लावल्या. २०२१ च्या जुलैचा पूर त्याच्या गावाने पाहिलाय. "एक प्रत गावाबाहेर ठेव, बहिणीकडे ठेव," एवढंच सांगितलं, त्याला पुढचं समजलं.

२.३०. जेवण.

३.१५. जुळवणी. प्रोसेसर सॉकेटमध्ये अलगद बसतो, दाबायचा नसतो. पिना बोर्डात असतात आणि एक वाकली तर बोर्ड गेला. रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. मोठा एअर कूलर, कारण गावात पाण्याच्या कूलरचा पंप बिघडला तर बदली लगेच मिळत नाही. एसएमपीएस ७५० वॅट: प्रोसेसर जोरात असताना २५० पर्यंत जातो, कार्ड १८०, बाकीचं धरून पुरेशी जागा उरते.

५. बायोस अपडेट, मग एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण वेगावर चालवणारं सेटिंग, चालू. हे राहून गेलं तर महागडी रॅम मूळच्या कमी वेगावर वर्षानुवर्षं चालते आणि कुणाला पत्ता लागत नाही.

६.१५. त्याच्याच कार्डवरचं लग्न टाइमलाइनवर टाकलं. तीन ट्रॅक. टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्सचा 'व्हिडिओ डिकोड'चा आलेख वर चढला आणि प्रोसेसर निवांत राहिला. हेच पाहायचं होतं. त्याने कर्सर धरून मंगलाष्टकं मागे-पुढे ओढली, चित्र हाताबरोबर सरकत होतं. आईला फोन लावून त्याने ते व्हिडिओ कॉलवर दाखवलं.

७.३०. कोल्हापूरहून फोन: एक्स्पोर्ट चालू असताना वीज गेली की यूपीएस असूनही मशीन बंद पडतं. आताच्या चांगल्या एसएमपीएसना स्वस्त यूपीएसची चौकोनी वेव्ह कधीकधी मानवत नाही. प्युअर साइन वेव्ह घ्या. आणि आधी इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज मोजून घ्या.

८.४५. चिपळूणचं मशीन रात्रभराच्या टेस्टला लावलं. तो लालबागला मावशीकडे गेला, उद्या नेईल. प्रवासासाठी ग्राफिक्स कार्ड काढून वेगळं बांधून देणार, नाहीतर गाडीच्या हादऱ्यांत बोर्डाची खाच तुटते.

तुम्हीही एडिटिंगसाठी मशीन घेणार असाल तर दुकानात जाताना स्वतःच्या कॅमेऱ्याचं भरलेलं कार्ड घेऊन जा. ते न बघता जो प्रोसेसर सांगेल, त्याच्याकडून घेऊ नका.