'हेवी' लायनर टाकला की इंजिनची ताकद वाढते का?

सोयाबीन निघालं, हरभऱ्याच्या पेरणीसाठी रान तयार करायचंय आणि नेमका ट्रॅक्टर निळसर धूर सोडायला लागलाय. आठ दिवसांत ऑइलची पातळी खाली जातेय, ब्रीदरमधून वाफा येतायत, चढावर दम राहिलेला नाही. जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्यासारख्या गावात हा अनुभव नवा नाही. मेकॅनिक इंजिन उघडतो आणि सांगतो, "लायनर-पिस्टन गेले, नवीन किट टाकावं लागेल." मग दुकानात प्रश्न येतो, "साधा देऊ की हेवी?"

पैसे मोजण्याआधी लायनर म्हणजे काय आणि तो कसा निवडतात, हे समजून घेऊ.

लायनर नेमका करतो काय?

पिस्टन ज्या नळकांड्यात वर-खाली होतो, त्याची आतली भिंत म्हणजे लायनर किंवा स्लीव्ह. त्याला एकाच वेळी तीन कामं करावी लागतात: स्फोटाचा दाब झेलायचा, उष्णता बाहेर पाण्याकडे पोचवायची आणि पिस्टन रिंगला घासायला गुळगुळीत, तरीही ऑइल धरून ठेवणारा पृष्ठभाग द्यायचा.

दाब किती असतो? बोअर 100 मिमी धरला, तर पिस्टनच्या माथ्याचं क्षेत्रफळ साधारण 78.5 चौरस सेंटिमीटर होतं. डिझेल इंजिनात ज्वलनाच्या वेळी दाब 100 बार झाला, तर त्या पिस्टनवर जवळपास 8 टन भार येतो. तोच दाब लायनरच्या भिंतीवरही चहूबाजूंनी पडतो.

ओला आणि कोरडा

लायनर दोन प्रकारचे असतात. 'ओला' लायनर बाहेरून थेट कूलंटला लागतो. वर त्याची कडा ब्लॉकवर टेकते, खाली रबराच्या ओ-रिंग पाणी अडवतात. तो जाड असतो आणि गावातल्या गॅरेजमध्येही काढून बदलता येतो.

'कोरडा' लायनर पाण्याला लागत नाही. ही पातळ नळी ब्लॉकच्या बोअरमध्ये दाबून बसवतात. भार पेलायला मागे ब्लॉकची भिंत असते. पण मध्ये हवेची फट राहिली, तर उष्णता तिथेच अडते, लायनर एका जागी तापतो आणि पिस्टन चिकटतो. उलट फार घट्ट बसवला, तर बोअर लंबगोल होतो.

कोणता प्रकार घ्यायचा हे आपण ठरवत नाही. ब्लॉक ज्यासाठी घडवला आहे, तोच घ्यावा लागतो. म्हणून पहिला प्रश्न 'साधा की हेवी' हा नसून 'माझ्या इंजिनचा नंबर काय?' हा आहे. दुकानात जाताना इंजिन नंबरचा फोटो आणि जुना लायनर सोबत न्या.

रेसिंगच्या इंजिनात वेगळं काय असतं?

इथे पिस्टनचा वेग पाहायला हवा. पुण्याजवळ चाकणला बनणाऱ्या केटीएम 390 ड्यूकच्या आधीच्या 373 सीसी इंजिनाचा बोअर 89 मिमी आणि स्ट्रोक 60 मिमी होता. ते 9,000 आरपीएमवर फिरतं तेव्हा पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला 18 मीटर होतो. 110 मिमी स्ट्रोकच्या ट्रॅक्टरचं इंजिन 2,100 आरपीएमवर चालतं, तेव्हा हाच वेग 8 मीटरच्याही खाली असतो.

म्हणूनच 390च्या सिलिंडरमध्ये लोखंडी लायनर नसतो. ॲल्युमिनियमच्या भिंतीवर निकासिलचा पातळ थर असतो, म्हणजे निकेलमध्ये सिलिकॉन कार्बाइडचे अतिशय कठीण कण. माले या जर्मन कंपनीने हे तंत्र 1967 साली आणलं. त्यामुळे वजन कमी राहतं आणि उष्णता लवकर बाहेर पडते. पण थर खरवडला, तर साधं बोअरिंग करून भागत नाही. पुन्हा प्लेटिंग तरी करावं लागतं किंवा सिलिंडर तरी बदलावा लागतो.

टर्बोचा दाब खूप वाढवलेल्या कारच्या इंजिनात 'डक्टाइल आयर्न'ची स्लीव्ह घालतात. साध्या करड्या बिडात ग्राफाइट पापुद्र्यांसारखं असतं. ते ऑइल धरतं आणि घासायला उत्तम, पण ताणाखाली बीड तिथूनच तडकतं. डक्टाइलमध्ये ग्राफाइट गोळ्यांच्या रूपात असतं, त्यामुळे ताण सोसायची ताकद दुप्पट किंवा त्याहून जास्त मिळते. ही ताकद तिथे कामाची, जिथे दाब खरोखर वाढलेला आहे.

मग ट्रॅक्टरमध्ये 'हेवी' टाकून काय मिळतं?

ताकद तर अजिबात मिळत नाही. इंजिनची ताकद हवा, इंधन आणि आरपीएम यांतून येते. लायनर ती फक्त सांभाळतो. बोअर 100 मिमीचा 101 केला, तरी सीसी जेमतेम 2 टक्के वाढते. लायनरसोबत पंपाची सेटिंग वाढवली, तर काळा धूर, जादा उष्णता आणि पिस्टनवरचा भारही वाढतो. वॉरंटी जाते ती वेगळीच.

ट्रॅक्टरला हवा तो कंपनीच्या मापाचा, केंद्रापसारी पद्धतीने ओतलेला चांगल्या बिडाचा लायनर. सोबत त्याच्याच जोडीचे पिस्टन आणि रिंग. क्रोमच्या बोअरमध्ये क्रोमची रिंग चालत नाही, हे लक्षात ठेवा. वेगवेगळ्या कंपन्यांचे तुकडे जोडून किट बनवू नका.

खरा फरक बसवण्यात पडतो

चारठाण्याच्या जुन्या मंदिरांमध्ये दगडावर दगड चुन्याशिवाय बसवलेला दिसतो. जोड टिकला तो घडाईच्या मापामुळे. लायनरचंही तसंच आहे. काम सुरू असताना गॅरेजमध्ये थांबा आणि एवढं विचारा:

• ओला लायनर आधी ओ-रिंगशिवाय बसवून पाहिला का? त्याची कडा ब्लॉकच्या वर मिलिमीटरच्या काही शतांश भागाइतकी यायला हवी. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. सगळ्या सिलिंडरमध्ये ती सारखी नसेल, तर हेड गॅसकेट पुन्हा उडणार.

• ब्लॉकमधला गंज आणि खार साफ केला का? त्यावरच लायनर बसवला, तर तो तिरका बसतो.

• बोअर गेजने वर, मध्ये, खाली आणि आडवा-उभा मोजला का? बोटाने चाचपून लंबगोलपणा कळत नाही.

• कोरड्या लायनरला बसवल्यानंतर बोअरिंग लागत असेल, तर होनिंग केलं का? आतल्या तिरप्या जाळीदार रेषा ऑइल धरतात. त्या नसतील तर रिंग बसत नाही.

बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये नको

लायनर बाहेरूनही मरतो. इंजिनच्या कंपनाने पाण्यात बारीक बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि लायनरच्या पाठीला टाचणीच्या टोकाएवढी भोकं पाडत जातात. भोक आरपार गेलं, की पाणी ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर दुधाळ फेस दिसतो. त्यात बोअरवेलचं जड पाणी घातलं, तर क्षाराचा थर बसून उष्णता अडते. शिफारस केलेला कूलंट आणि शुद्ध केलेलं पाणी हाच यावरचा उपाय.

शेवटचं काम तुमचं आहे. नवं इंजिन घरी आलं, की लगेच रोटाव्हेटरला जुंपू नका आणि तासन् तास रिकामंही चालवू नका. सुरुवातीचे काही तास हलकं ते मध्यम काम द्या, मॅन्युअलमध्ये सांगितल्या वेळी ऑइल आणि फिल्टर बदला. एअर फिल्टरचा पाइप सैल असेल, तर मराठवाड्याची धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते. तिच्यापुढे कितीही महागाचा लायनर फार दिवस टिकत नाही.