हिरड्या का वाढतात?

निरोगी हिरडी घट्ट असते व दाताच्या बुडाशी चिकटून बसते. ती फुगून दातावर चढू लागली, किंवा दात घासताना रक्त येऊ लागले, तर दुर्लक्ष करू नये. सुरुवातीला बहुधा दुखत नाही. म्हणून गहू घरात येईपर्यंत, मग सोयाबीन पेरून होईपर्यंत, आपण थांबतो. तोवर आत हाड झिजून दात हलू लागतात. झिजलेले हाड आपोआप भरून येत नाही.

मुख्य कारण अस्वच्छता. दातांवर चिकट थर साचतो, तो कडक होऊन त्याचे कीटण बनते. मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या केल्यास आराम पडतो, पण कीटण निघत नाही. ते दंतवैद्याकडूनच काढून घ्यावे लागते. तंबाखू, गुल किंवा मशेरी घासल्याने हिरड्यांची हानीच होते.

दुसरे कारण औषधे. फेफऱ्यावरच्या फिनिटॉइनने हिरड्या वाढतात, हे १९३९ सालापासून ठाऊक आहे. रक्तदाबाच्या निफेडिपीन व अ‍ॅम्लोडिपीन या गोळ्यांनीही काहींना असे होते. मात्र गोळी मनाने बंद करू नका. फेफरे किंवा पक्षाघात ओढवेल. गोळीचे पाकीट डॉक्टरांना दाखवा, ते बदलून देऊ शकतात.

गरोदरपणातही हिरड्या सुजतात व बाळंतपणानंतर बहुधा ओसरतात. तरीही गरोदर बाईने दात तपासून घ्यावेत. चौथा ते सहावा महिना उपचाराला सोयीचा. मधुमेहाने हिरड्यांचा विकार बळावतो. आहारात आवळा, पेरू, लिंबू नसल्यास ‘क’ जीवनसत्त्व कमी पडूनही हिरड्या सुजतात.

दंतवैद्याकडे केव्हा जावे? नीट दात घासूनही दोन आठवडे रक्त थांबले नाही, पू आला, दात हलला, गाठ वाढू लागली किंवा तोंडातील जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर जावेच. गाल सुजून ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळवेना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. हिरड्या झपाट्याने वाढल्या आणि सोबत ताप, अशक्तपणा, अंगावर काळेनिळे डाग असतील, तर रक्त तपासणी लगेच करावी. रक्ताचा कर्करोगही असा प्रकट होतो.

बाग सेवनियाकरांना दूर जावे लागत नाही. शेजारीच साकेतनगरात एम्स रुग्णालय असून तेथे दंतविभाग आहे. सकाळी व रात्री झोपण्यापूर्वी मऊ ब्रशने दात घासा, आणि पिकावरची कीड जशी वेळीच पाहता, तशा घरातल्या सर्वांच्या हिरड्याही पाहत चला.