प्रूफ वाचताना फोन काय पकडतो, काय सोडतो

दोन वर्षांपूर्वी आमच्या पेठेतल्या गणेश मंडळाचा अहवाल तपासायचं काम माझ्याकडे आलं. "तू कॉम्प्युटरवाला, तूच बघ रे," खजिनदार काका म्हणाले. मी पीएमपीच्या बसमध्ये उभ्या उभ्या फोनवर तो वाचला, ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं आणि 'ओके' पाठवलं. ५०० प्रती छापून घरोघरी गेल्या. एका वर्गणीदाराच्या नावापुढे १५,०००च्या जागी ५१,००० पडलं होतं. वरचे ३६,००० गेले कुठे, हे काका पुढचे पंधरा दिवस पावतीपुस्तक हातात घेऊन लोकांना समजावत होते.

शुद्धलेखन मी नीट पाहिलं होतं, आकड्यांवरून मात्र नजर घसरत गेली. एका वाचनात सगळं सापडत नाही, म्हणून फेऱ्या वेगळ्या करा. एकदा फक्त नावं, एकदा फक्त आकडे आणि तारखा, मग वाक्यं. आकड्यांना दोन माणसं लागतात. एकाने मूळ पावतीवरून मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने प्रूफवर बोट ठेवायचं. तेही 'पंधरा हजार' असं नाही, 'एक, पाच, शून्य' असं. नुसती बेरीज पुन्हा मारली असती तरी माझी चूक सापडली असती!

आता स्पेलचेक. साधं स्पेलचेक तुमचा शब्द त्याच्याकडच्या यादीत आहे का, एवढंच बघतं. 'महाराष्ट्र दीन' लिहिलंत तर लाल रेघ येणार नाही, कारण 'दीन' म्हणजे गरीब, हा शब्द यादीत आहेच. सह्याद्रीतल्या 'दऱ्या'ऐवजी 'दर्या' पडलं तर डोंगरात समुद्र येतो, आणि फोन गप्प.

'रिप्लेस ऑल' तर त्याहून धोक्याचं. साहित्य महामंडळाचे नियम १९६२चे, त्यात १९७२ला भर पडून ते १८ झाले. त्यांनुसार 'गुरू' शेवटी दीर्घ, पण 'गुरुवार' ऱ्हस्व. सगळे 'गुरु' एका झटक्यात बदललेत की 'गुरूवार' तयार. उलट, 'ॲप' शोधताना काही जागा सुटू शकतात. 'ॲ' हे युनिकोडमध्ये २००८ साली आलेलं स्वतंत्र अक्षर आहे, पण काही जण अजून 'अ'वर वेगळा चंद्र टाइप करतात. दिसायला दोन्ही सारखेच, फोनच्या लेखी मात्र वेगळे. म्हणून एकेक बघून बदला.

वाक्यांसाठी कान वापरा. अँड्रॉइडच्या ॲक्सेसिबिलिटीमध्ये 'सिलेक्ट टू स्पीक' आहे आणि गूगलचा मराठी आवाजही मिळतो. दोनदा पडलेला 'आहे' किंवा सुटलेला 'नाही' ऐकताना लगेच खटकतो. 'दिन' आणि 'दीन'मधला फरक मात्र कानाला कळेलच असं नाही, तिथे डोळेच हवेत.

शेवटची गोष्ट बहुतेक जण विसरतात. छापखान्यात अजूनही बऱ्याचदा श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये काम चालतं (श्रीलिपी आपल्या पुण्याचीच). तुम्ही व्हॉट्सॲपवर पाठवलेला युनिकोड मजकूर तिथे कन्व्हर्ट होतो आणि त्यात एखादं जोडाक्षर किंवा 'ऱ्य' फुटू शकतं. त्यामुळे स्वतःची फाइल कितीही वेळा वाचली असली, तरी ऑपरेटरकडून पीडीएफ मागवा, कागदावर प्रिंट काढा आणि 'छापा' म्हणायच्या आधी ती प्रिंट वाचा. यंदाच्या अहवालाला आम्ही हेच केलं. मी प्रूफवर बोट ठेवून बसलो होतो, पावतीपुस्तक काका वाचत होते.