वाणी अडते तेव्हा : स्पीच थेरपीच्या व्यवसायाविषयी

मागच्या व्याख्यानानंतर एक गृहस्थ थांबले होते. त्यांची मुलगी बारावी सायन्सला आहे. म्हणाले, "सर, ती स्पीच थेरपी करायची म्हणते. ही धड डॉक्टरकी नाही, धड मास्तरकीही नाही. हे आहे तरी काय?" तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हे कशाला विचारायचं, असं तुम्हाला वाटेल. पण या प्रश्नाचं उत्तर मला घरातच मिळालेलं आहे, म्हणून आज त्यावरच बोलतो.

भर्तृहरीने वाणीचे तीन स्तर सांगितले : पश्यंती, मध्यमा आणि वैखरी. वैखरी म्हणजे तोंडातून बाहेर पडणारी, कानाला ऐकू येणारी. मध्यमा म्हणजे मनात जुळलेली, पण अजून उच्चारली न गेलेली. हे मी तीस वर्षं फळ्यावर लिहिलं. मग माझ्या थोरल्या भावाला पक्षाघात झाला. दादांना पाणी हवं असायचं, बोट तांब्याकडे असायचं आणि तोंडातून शब्द यायचा "खिडकी". आपलं चुकलं हे त्यांना कळायचं, त्यामुळे ते चिडायचे. याला वाचाघात म्हणतात, अफेजिया. गंमत बघा, "मीठ" हा शब्द न सापडणारे दादा संध्याकाळी गणपतीची आरती मात्र अखंड म्हणायचे. घरातले काहीजण म्हणाले, नाटक करतात. नाटक नव्हतं ते. पाठ झालेली आरती, एक ते दहा आकडे, वारांची नावं हे वाचाघातातही पुष्कळदा शाबूत राहतं. हवा तो शब्द हव्या त्या वेळी शोधून आणणं, हे निराळं काम आहे.

त्याच सुमारास जमिनीच्या वाटणीचे कागद घरी आले. "त्यांना आता काय कळतंय, अंगठा घ्या," असं एक नातेवाईक म्हणाले. आणि मी, भाषेच्या तत्त्वज्ञानावर पीएच.डी. केलेला, गप्प बसलो. कारण दादांना किती कळतंय हे मलाही ठाऊक नव्हतं.

ते शोधून काढलं एका थेरपिस्टने. वयाने माझ्या नातीएवढी. तिने चित्रं मांडली, साधे हो-नाहीचे प्रश्न विचारले, तेच प्रश्न उलटे करून विचारले, आणि मग आम्हाला सांगितलं, "यांना बोललेलं बहुतेक सगळं समजतंय. अडलंय ते बाहेर येताना." कागद तिने सोप्या वाक्यांत, एकेक मुद्दा करून समजावले. दादांनी मान हलवून ठाम नकार दिला. वाटणी तशी झाली नाही.

प्रत्येकाचं असंच असतं असं नाही, हे लक्षात घ्या. काहींचं बोलणं ओघवतं राहतं, पण अर्थ हरवतो आणि दुसऱ्याचं समजायला अवघड जातं. हा प्रकार कार्ल वेर्निके याने १८७४ साली मांडला. त्याआधी १८६१ मध्ये पॅरिसजवळच्या रुग्णालयात पॉल ब्रोका याने लेबोर्न नावाचा रुग्ण तपासला. हा माणूस तिथे २१ वर्षं होता, पुष्कळसं समजत होता, पण बोलताना जवळपास एकच अवयव उच्चारायचा, "तान". लोक त्याला तान म्हणूनच ओळखत. तो वारल्यावर ब्रोकाने मेंदू तपासला आणि डाव्या बाजूच्या पुढच्या भागातली इजा दाखवली. बिघाड कुठे आहे हे कळलं. पण रुग्णापाशी रोज बसून वाट काढणारा व्यवसाय उभा राहायला विसावं शतक यावं लागलं. महायुद्धांत डोक्याला जखमा झालेल्या सैनिकांमुळे त्याला मोठी चालना मिळाली.

आज या कामाचा आवाका मोठा आहे. उशिरा बोलणारी मुलं, स्वमग्न मुलं, तोतरेपणा, दुभंगलेली टाळू, कॉक्लिअर इम्प्लांटनंतरचं शिक्षण, शिक्षकांचा आणि गायकांचा बसलेला आवाज. आणि लोकांना सहसा ठाऊक नसतं ते म्हणजे गिळण्याचा त्रास. पक्षाघातानंतर घास श्वासनलिकेत जाऊ नये, हेही हीच माणसं बघतात. दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडत नसेल तर "याचा बापही उशिराच बोलला" म्हणून थांबू नका. आधी कान तपासून घ्या.

आता शिक्षण. बारावी सायन्सनंतर 'बीएएसएलपी' ही पदवी, शेवटच्या इंटर्नशिपसह चार वर्षांची. पुढे दोन वर्षांची 'एमएएसएलपी'. काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था आहे, नायर रुग्णालय आहे; पुण्यात भारती विद्यापीठ; आणि म्हैसूरची अखिल भारतीय संस्था १९६५ पासूनची. रुग्णालयं, विशेष शाळा, जिल्ह्यातली शीघ्र हस्तक्षेप केंद्रं, स्वतःचं क्लिनिक अशा जागा आहेत. सुरुवातीचा पगार बेताचाच असतो, हे लपवत नाही. म्हणून अनेकजण श्रवणयंत्रांच्या कामाकडे वळतात किंवा परदेशी जातात. त्यांना दोष देत नाही.

पण एक गोष्ट त्या मुलीच्या कानावर घाला. अभ्यास इंग्रजीत होतो, रुग्ण मात्र मराठीत अडतो. 'चार' मधला च आणि 'चारा' मधला च वेगळा. "मी आंबा खाल्ला", पण "मी पोळी खाल्ली". इथे क्रियापद खाणाऱ्याकडे न बघता खाल्लेल्या वस्तूकडे बघतं. इंग्रजीवरून उतरवलेल्या चाचणीत हे कुठून येणार? मालवणी किंवा अहिराणी बोलणाऱ्या घरातलं मूल पुस्तकी मराठीत बोललं नाही म्हणून त्याला दोष लावायचा का? घरची बोली हा आजार नव्हे. ज्याला आपली भाषा कान देऊन ऐकता येते, त्याच्यासाठी इथे काम पडून आहे.

आणि अंगी काय लागतं? त्या थेरपिस्टने एकदा मला बाहेर बोलावलं. म्हणाली, "आजोबा, तुम्ही फार घाईने मदत करता. विचारलंत की मनात दहा आकडे मोजा." मला ते जड गेलं. पहिल्या दिवशी मी पाचालाच शब्द पुरवला. नंतर शिकलो. कधी दादांना शब्द सापडायचा, कधी ती "तहान लागली की आपण पितो…" असं वाक्य अर्धं सोडायची आणि "पाणी" यायचं. कधी काहीच यायचं नाही. तरीही तीच दुसऱ्या दिवशी पुन्हा तितक्याच शांतपणे बसायची.

तेव्हा त्या गृहस्थांना माझं सांगणं इतकंच : प्रवेशअर्ज भरण्याआधी मुलीला एखाद्या केंद्रात, परवानगी घेऊन, दोन दिवस नुसती बसवा. समोरचा अडखळत असताना तिला बसवतंय का, ते तिचं तिलाच कळेल.

आता तुमचे प्रश्न विचारा. सावकाश विचारा, मी थांबतो.