एक बेट, दोन राष्ट्रे : हैती आणि डोमिनिकन प्रजासत्ताक

कॅरिबियन समुद्रातील हिस्पानिओला बेटावर हैती आणि डोमिनिकन प्रजासत्ताक ही दोन राष्ट्रे शेजारी वसली आहेत. दोहोंची भूमी एक, दोहोंच्या रक्तात आफ्रिकेचा वारसा. तरीही त्यांच्यातील दुरावा पिढ्यानुपिढ्या टिकून आहे. त्याची मुळे वंशात नसून वसाहतींच्या इतिहासात आहेत.

१६९७ च्या तहाने बेटाच्या पश्चिम भागावरील फ्रान्सचा ताबा मान्य झाला. तेथे ऊस व कॉफीचे मळे उभे राहिले. १७८९ च्या सुमारास त्यांवर जवळजवळ पाच लाख गुलाम राबत होते. गोरे, मिश्रवर्णीय स्वतंत्र नागरिक आणि काळे गुलाम अशी उतरंड कायद्याने पक्की केली होती. पूर्वेकडील स्पॅनिश भाग मात्र विरळ वस्तीचा व गुरेपालनावर जगणारा होता; तेथे गुलामांचे प्रमाण कमी आणि वर्णमिश्रण अधिक होते.

१७९१ मध्ये पश्चिमेकडील गुलामांनी उठाव केला आणि १८०४ मध्ये हैती स्वतंत्र झाली. परंतु १८२५ मध्ये फ्रान्सने जुन्या मळेवाल्यांसाठी पंधरा कोटी फ्रँकांची भरपाई मागितली. १८३८ मध्ये ती नऊ कोटींवर आली. गुलामांनी आपल्या मुक्तीची किंमत मालकांना चुकवावी, असा हा उलटा न्याय होता. त्यासाठी काढलेल्या कर्जाचा भार कॉफी पिकवणाऱ्या शेतकऱ्यांवर पडला. सत्ता फ्रेंच जाणणाऱ्या मूठभरांकडे राहिली. बहुजनांच्या क्रिओल भाषेला राजभाषेचा दर्जा १९८७ च्या संविधानानेच दिला.

पूर्व भागावर १८२२ ते १८४४ हैतीची सत्ता होती. त्यामुळे १८४४ चे डोमिनिकन स्वातंत्र्य स्पेनपासून नव्हे, तर हैतीपासून मिळाले. 'आपण स्पॅनिश, ते काळे' ही राष्ट्रकल्पना येथेच रुजली. सावळ्या नागरिकांची कागदोपत्री 'इंडिओ' अशी नोंद होऊ लागली. पुढे अमेरिकी ताब्याच्या काळात साखरेचे मळे वाढले आणि हैतीचे मजूर ऊसतोडणीसाठी येऊ लागले. १९३७ मध्ये हुकूमशहा त्रुहियोच्या सैनिकांनी सीमाभागात हजारो हैतीयांची कत्तल केली. अमेरिकी मालकीच्या मळ्यांतील मजूर मात्र बहुतांशी वाचले. वंशद्वेषालाही भांडवलाची मर्यादा होती, हे या अपवादातून उघड होते.

या वास्तवाची दखल साहित्याने लवकर घेतली. जाक रूमँ यांच्या १९४४ च्या कादंबरीचा नायक क्यूबातील उसाच्या मळ्यांतून गावी परततो. जाक स्तेफँ अलेक्सी यांच्या १९५५ च्या कादंबरीचा शेवट १९३७ च्या कत्तलीत होतो. दोघांनीही वर्ण आणि वर्ग हे प्रश्न वेगळे मानले नाहीत.

२०१३ मध्ये डोमिनिकन संविधान न्यायालयाच्या निर्णयाने, कागदपत्रे नसलेल्या परदेशीयांच्या तेथेच जन्मलेल्या मुलांचे नागरिकत्व १९२९ पासून मागे जाऊन नाकारले गेले. त्याची झळ मुख्यतः ऊसतोड मजुरांच्या वंशजांना बसली. मळेवाले गेले, त्यांनी आखलेली माणसामाणसांतील सीमारेषा राष्ट्राच्या सीमेत मुरून राहिली.