धांवण्याचा बूट कसा निवडावा?

१९६० सालीं रोम ऑलिंपिकची मॅरेथॉन शर्यत इथिओपियाच्या अबेबे बिकिला यानें अनवाणी जिंकली. मिळालेले बूट त्याच्या पायांस बसेनात. १९६४ सालीं टोकियोस तोच बूट घालून पुन्हां जिंकला. बूट पायासाठीं असतो, पाय बुटासाठीं नव्हे.

पक्क्या सडकेस मऊ गादीचा, सपाट तळाचा बूट योग्य. डोंगरवाटेस खोल दांत्यांचा, बोटांस ठेंच लागूं न देणारा हवा. सपाट तळ ओल्या मातीवर घसरतो, दांते सडकेवर लवकर झिजतात.

खरेदी सायंकाळीं करावी. दिवसभरांत पाय किंचित् फुगतो. मोजे घालून, उभें राहून पाहावें. सर्वांत लांब बोटापुढें अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा उरावी, टांच निसटूं नये; नाहींतर उतारावर नखें काळीं पडतात. किंमत नव्हे, पाय हेंच खरें माप होय.